शिशाची गोळी, हरणाची रायफल

विंचेस्टर मॉडेल १८९४ ही रायफल सत्तर लाखांच्या वर बनली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांत हरणाच्या शिकारीला तिच्याइतकी दुसरी कुठली वापरली गेली असेल, असे मला वाटत नाही. युटा राज्यातल्या जॉन ब्राउनिंग या बंदूक-कारागिराने ती घडवली. वजनाला हलकी, लांबीला आखूड, खालचा दांडा खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर आणि पुढचे काडतूस नळीत. १८९५ साली या रायफलसाठी .३०-३० नावाचे काडतूस बाजारात आले. पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात. दुसरा तेव्हा त्यात भरत असलेल्या दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. धूरविरहित दारूवर चालणारे, लहान व्यासाचे असे हे अमेरिकेतले पहिलेच शिकारी काडतूस. ते आले आणि साध्या शिशाच्या गोळीचे दिवस भरले, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

त्यात चूक काही नव्हती. काळ्या दारूच्या जमान्यात गोळी सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर वेगाने सुटायची आणि तेवढे शिशाला झेपायचे. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली धूरविरहित दारू सिद्ध केली. दाब वाढला, वेग वाढला आणि शिसे नळीच्या आतल्या आट्यांना पुसले जाऊ लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मेजर एडुआर्ड रुबिन यांनी शिशावर तांब्याचे कवच चढवलेली गोळी तयार केली होती. जगभरच्या फौजांनी ती उचलली आणि त्यांच्यामागून शिकाऱ्यांनीही.

असे असूनही आज अमेरिकेत असंख्य लोक गॅरेजमध्ये शेगडी मांडून शिसे वितळवतात, साच्यात गोळ्या ओततात, जुन्या पुंगळ्या पुन्हा भरतात आणि त्याच काडतुसांवर हरीण मारतात. काटकसर हे एक कारण. दुकानातली काडतुसे महाग, आणि मागणी वाढली की मिळतही नाहीत. पण खरे कारण नादच आहे. स्वतः ओतलेली गोळी स्वतः जुळवलेल्या काडतुसातून नीट जागी लागली, याचे समाधान वेगळे.

मी शिकारी नाही. आयुष्य कोल्हापूरच्या फाउंड्रीत गेले. मुलाकडे पेनसिल्व्हेनियात गेलो की शेजारच्या गॅरेजात मेणाचा आणि तापलेल्या धातूचा वास येतो आणि पाय तिकडे वळतात. तेव्हा या लेखात बंदुकीपेक्षा ओतकाम जास्त आले, तर वाचकांनी चालवून घ्यावे.

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि इतके मऊ असते की नखाने ओरखडा निघतो. ब्रिनेल कठीणपणाच्या मापावर त्याचा आकडा पाचाच्या आसपास. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळले की ते कठीण होते. कथिलाचे दुसरेही काम आहे. धातूचा पृष्ठताण कमी होऊन तो साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. दोन टक्के कथील पुष्कळ झाले. पुढचे पैसे वाया. लायमन कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा 'नंबर दोन' मिश्रधातू म्हणजे नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील, पाच भाग अँटिमनी. कठीणपणा सुमारे पंधरा.

जुन्या मंडळींना विचाराल तर ते लायनोटाइपची आठवण काढतात. ओटमार मर्गनथालर यांचे हे ओळी ओतणारे यंत्र १८८६ साली 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये प्रथम चालले. त्याचा धातू साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. कठीणपणा बावीसच्या घरात आणि २४० अंशांच्या सुमारास पातळ. छपाईचे अक्षर काठाकाठाने रेखीव यावे म्हणून निवडलेले हे प्रमाण गोळीलाही नेमके लागू पडते, कारण दोन्हीकडे गरज एकच: साचा भरून निघाला पाहिजे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा गरम धातूवर जुळवलेला शेवटचा अंक २ जुलै १९७८चा. त्या वर्षांत ठिकठिकाणचे छापखाने ऑफसेटकडे वळले आणि त्यांचे लायनोटाइप भंगारात निघाले. गोळ्या ओतणाऱ्यांची चंगळ झाली. पुण्या-मुंबईच्या छापखान्यात ज्यांनी खिळे जुळवणारे जुळारी पाहिले आहेत, त्यांनी याच कुळातला धातू हाताळला आहे.

तो साठा आता आटला. मग लोक टायर बसवणाऱ्यांच्या दुकानातून चाकाला लावायची शिशाची वजने आणू लागले. त्यात थोडे अँटिमनी आणि नावापुरते आर्सेनिक असायचे. आर्सेनिकामुळे फायदा असा, की साच्यातून निघालेली गरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत टाकली तर ती कितीतरी कठीण होते. युरोपीय संघाने २००५ साली नव्या गाड्यांसाठी शिशाची वजने बंद केली, अमेरिकेतल्या काही राज्यांनीही पुढे तेच केले, आणि दुकानातून आणलेल्या वजनांत जस्ताचीही मिसळून येऊ लागली. जस्त ४१९ अंशांना वितळते. भांड्याचे तापमान त्याच्या खाली ठेवले तर जस्ताची वजने वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. एकदा का ती विरघळली, की धातू आंबिलीसारखा गुठळ्यांचा होतो आणि सगळे भांडे फुकट जाते.

ओतण्याची रीत कुठल्याही फाउंड्रीवाल्याला परकी वाटणार नाही. धातू ३७० ते ४०० अंशांवर ठेवायचा, मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळायचे, वर आलेली मळी काढायची. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात. आम्ही त्याला कोल्ड शट म्हणतो. फार गरम झाला तर गोळी पांढुरकी, दाणेदार दिसते, पण मारायला तीही चालते. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: वितळलेल्या शिशाजवळ पाणी नको. एक थेंब धातूखाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातला धातू छताला लागतो.

आता मुख्य मुद्दा. नवशिक्या माणसाला वाटते, शिसे पुसले जाते म्हणजे ते मऊ पडते. करा अजून कठीण. पुष्कळदा हा उपाय उलटाच पडतो. नळीला शिसे लागण्याचे नेहमीचे कारण गोळी बारीक असणे हे आहे. .३०-३० रायफलीत आट्यांच्या तळाशी मोजलेला व्यास ०.३०८ इंच असतो. कवच असलेली गोळी बरोबर तेवढीच असते. शिशाची गोळी मात्र त्यापेक्षा एक-दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग) जाड हवी, म्हणजे ०.३०९ किंवा ०.३१०. ती बारीक राहिली तर तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, वाटेत शिसे कापतो आणि ते नळीवर थापतो. मऊ गोळी निदान दाबाखाली थोडी फुगून फट बुजवते. कठीण गोळीला तेही जमत नाही. म्हणून आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून काढायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि मग साचा विकत घ्यायचा.

मार्लिन कंपनीच्या ३३६ या रायफलीची कथा याला पुरावा आहे. १९५०च्या दशकात मार्लिनने आपल्या नळ्यांत उथळ आणि संख्येने जास्त असे आटे द्यायला सुरुवात केली आणि त्यांना मायक्रो-ग्रूव्ह हे नाव दिले. कवचाच्या गोळीला ते छान मानवले. शिशाच्या गोळीला ती नळी चालतच नाही, असा बोलबाला मात्र पुढे कित्येक वर्षे होता. मोजणाऱ्यांनी मोजले तेव्हा कळले की या नळ्यांना जरा जाड गोळी लागते. तशी दिली की त्याच रायफलींच्या गोळ्या सुरेख एकत्र, एका गटात लागतात. बदनामी आट्यांची झाली, दोष मापाचा होता.

गोळीच्या बुडाला तांब्याची छोटीशी वाटी बसवतात. तिला गॅस चेक म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आयडियल या साचे बनवणाऱ्या कंपनीने ती लोकप्रिय केली. ही वाटी तापलेल्या वायूपासून बूड वाचवते. सेकंदाला चौदाशे-पंधराशे फुटांच्या वर जायचे तर ती लागतेच. गोळीच्या अंगावरच्या खाचांत वंगण भरतात. मधमाश्यांचे मेण आणि अ‍ॅलॉक्स हे रसायन निम्मे-निम्मे, हे नावाजलेले मिश्रण. अलीकडे लोक रंगकामाची पावडर गोळ्यांना लावून भट्टीत भाजतात आणि वंगणाची कटकटच संपवतात. .३०-३० च्या पुंगळीची मान लांब आहे, त्यामुळे वंगणाच्या खाचा आणि तांब्याची वाटी दोन्ही तिच्यात सुरक्षित राहतात. या काडतुसाला शिशाची गोळी मानवते ती थोडी या मानेमुळेच. विंचेस्टरच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, टेकली तर अनर्थ व्हायचा, म्हणून गोळीचे नाक सपाट असते. हरणाच्या अंगात तेच सपाट नाक काम करते.

एक बारीकशी गोष्ट हमखास राहून जाते. पुंगळीची मान मोठी करणारे नेहमीचे हत्यार कवचाच्या गोळीसाठी बनलेले असते. त्याने तयार केलेल्या मानेत शिशाची जाड गोळी दाबली की ती आवळून पुन्हा बारीक होते, नाहीतर कडेने तासली जाते. इतकी मेहनत करून काढलेले दोन थाउ तिथेच हरवतात. त्यासाठी दोन पायऱ्यांचे वेगळे हत्यार मिळते, ते घ्यावे.

कोणती दारू किती ग्रेन, हे आकडे या लेखात मुद्दाम देत नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या आणि लायमनच्या छापील कोष्टकांतूनच घ्यायचे असतात. कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची, थोडे-थोडे वाढवत जायचे आणि प्रत्येक पायरीला पुंगळी व प्राइमर तपासायचे. शिशाच्या गोळीला बहुधा जलद जळणारी दारू थोडी लागते. पुंगळी अर्धी रिकामी राहते आणि चुकून दोनदा भरली तरी बाहेर सांडत नाही. धोका इथे आहे. म्हणून जाणते लोक सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून दिव्याखाली एकेकीत डोकावतात आणि मगच गोळी बसवतात. भारतात परवान्याविना काडतूस बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिकारीला १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येतो. तेव्हा हे सगळे तिकडचे म्हणूनच वाचावे.

वेग किती ठेवायचा? कारखान्याची १७० ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला बावीसशे फुटांच्या आसपास सुटते. ओतलेली गोळी सोळाशे ते एकोणीसशेच्या दरम्यान सुखी असते. विंचेस्टरच्या नळीत गोळी दर बारा इंचांना एक फेरा घेते. एकोणीसशे फुटांचा वेग म्हणजे मिनिटाला एक लाख चौदा हजार फेरे. ओतताना आत राहिलेला एखादा हवेचा फुगा इतक्या फिरकीत गोळीला भरकटवायला पुरतो. म्हणून गोळ्या तराजूवर तोलून हलक्या भरतील त्या पुन्हा भांड्यात टाकतात. तीन गोळ्यांचा सुंदर गट पाहून खूश होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र लागतात. दहा मारून पाहाव्यात.

शिकारीसाठी कठीणपणाचे गणित पुन्हा बदलते. निव्वळ लायनोटाइपची गोळी कागदावर नेम धरते, पण हरणाच्या अंगात ती न फुलता आरपार जाते किंवा हाडावर आपटून तुटते. चाकाच्या वजनांचे शिसे आणि शुद्ध शिसे निम्मे-निम्मे, वर चिमूटभर कथील, असा मऊसर धातू बरा. तो पुरेसा फुलतो आणि एकसंध राहतो. पल्ला शंभर यार्डांचा, फार तर सव्वाशेचा. हरणाच्या छातीतले मर्मस्थान आठ इंचांच्या वर्तुळात मावते. दर वेळी त्यात गोळी बसवता येत नसेल तर चाप ओढू नये. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात यापेक्षा लांबचा नेम क्वचितच मिळतो, म्हणून तिथे शिशाच्या गोळीचे काही अडत नाही. रॉकी पर्वताच्या उघड्या उतारांवर ती नेऊ नये.

शिशाचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. ओतताना निघणाऱ्या वाफेची लोकांना भीती असते, पण ४०० अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. खरा धोका मळीतल्या धुळीचा, न धुतलेल्या हातांचा आणि पुंगळ्या घासताना उडणाऱ्या प्राइमरच्या अवशेषांचा. मुले आणि स्वयंपाकाची भांडी या कामापासून लांब ठेवायची. रानात टाकलेली आतडी गिधाडे खातात आणि त्यात शिशाचे कण असतात. कॅलिफोर्नियाचा काँडोर, हा गिधाडांपैकीच एक, १९८७ साली अवघ्या २७ पक्ष्यांवर आला होता आणि तो विषबाधेने मरतो त्यात शिशाचा वाटा सर्वांत मोठा. आपल्याकडे डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचे जे केले, त्याच वाटेने हे विष जाते: मेलेल्या जनावरातून. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे सर्व शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे. माझ्या मते तो कायदा रास्त आहे आणि ओतकामाचा नाद त्याच्यापुढे खाली बसला पाहिजे. कमी वेगाची सलग गोळी वेगवान कवचवाल्या गोळीपेक्षा कमी तुकडे उडवते, हे खरे. पण शून्य नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डिसेंबरात शेजारी हौसेने हरणाचे मांस आणून देतात. नॉर्थ डकोटाच्या आरोग्य विभागाने २००८ साली गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालच्या मुलांना शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचे मांस न देण्याचा सल्ला दिला होता. तेव्हा मांस घेताना संकोच न करता विचारावे, गोळी कुठल्या धातूची होती आणि जखमेभोवतीचे मांस कापून टाकले का. खिमा असेल आणि उत्तर मिळत नसेल, तर घरातल्या लहानांच्या ताटात तो वाढू नये.