लाडवातलं कॅल्शियम

चाकूरच्या शिवारात सोयाबीन काढणाऱ्या बायका दिवसभर उन्हातच असतात. मग त्यांना 'ड' जीवनसत्त्वाची काय ददात? पण डोक्यावर पदर, हात झाकणारा शर्ट, तोंडाला रुमाल. कातडीपर्यंत ऊन पोचायला हवं, तेही साधारण दुपारचं. कातडीत तयार झालेलं जीवनसत्त्व आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलतं आणि खरं हार्मोन होतं. ते कमी असलं की आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषत नाहीत. रक्तातली कॅल्शियमची पातळी घसरू लागली, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी सरळ हाडांतून उचल घेतात. हृदय आणि स्नायू चालतात, किंमत हाडं मोजतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनही कमी होतं आणि झीज आणखी वेगाने होते.

मग 'ड'सोबत अन्नातलं कॅल्शियमही वाढवलं तर? पुण्याच्या जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. सगळ्यांना 'ड' जीवनसत्त्व दिलं. एका गटाच्या लाडवात सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम, दुसऱ्याच्या जेमतेम 150. वर्षभराने पहिल्या गटाच्या हाडांत खनिज जास्त साठलं होतं. निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. गोळीऐवजी लाडू, ही कल्पना मला फार आवडते. मूल तो मागून खातं.

आपल्या ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम थोडंच असतं. प्रौढांची रोजची गरज मात्र 1000 मिलिग्रॅम. 100 मिलिलिटर दुधातून साधारण 120 मिळतं. बिनसोललेल्या तिळात ते भरपूर असतं, म्हणून भाकरीसोबत तिळाची चटणी रोज असू द्यावी, फक्त संक्रांतीला नव्हे.