नागपूरच्या ४५ अंशांतून थेट काश्मीर. सात किलोंच्या बॅगेत काय घ्याल, काय वगळाल?

नागपूर : मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा श्रीनगरमध्ये दुपारी २५ अंशांच्या आसपास आणि पहाटे १०-१२ अंश तापमान असते. शाळांना सुट्टी असल्याने अनेक कुटुंबे याच दिवसांत काश्मीर गाठतात. नागपूरमार्गे जाणाऱ्या कन्याकुमारी-कटरा हिमसागर एक्स्प्रेसने कटऱ्यापर्यंत जाता येते. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने पुढचा टप्पाही रेल्वेने शक्य झाला आहे. मात्र कटऱ्याला गाडी बदलावी लागते आणि सामान जड असेल तर खरी दमछाक तिथेच होते.

किती सामान नेता येते?

रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला तब्बल १६० किलो! देशांतर्गत विमानात इकॉनॉमी वर्गाला साधारणपणे १५ किलो आणि हातातील बॅगेचे ७ किलो चालतात. पण नियमात बसते म्हणून सगळे उचलता येतेच असे नाही. प्लॅटफॉर्मचे जिने आहेत, वैष्णोदेवीला जायचे असेल तर १२ किलोमीटरहून अधिक चढण आहे. घरातल्या ज्येष्ठांची बॅगही शेवटी दुसऱ्या कुणाला तरी उचलावी लागते. त्यामुळे माणशी पाठीवरची एक बॅग आणि वजन ७ किलोंच्या आत, हे गणित सोयीचे.

एकच जाड स्वेटर का नको?

उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, तर गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. एकाच दिवसात घाम आणि हुडहुडी दोन्ही अनुभवायला मिळतात. अशा वेळी पातळ कपड्यांचे तीन थर उपयोगी पडतात : आत टी-शर्ट, मध्ये हलका लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि ऊन वाढले की एकेक थर काढता येतो.

बॅगेत काय घ्याल?

• लवकर वाळणारे तीन-चार टी-शर्ट किंवा कुर्ते, दोन पँट. जीन्स जड असते आणि थंड हवेत वाळायला वेळ घेते.
• एक जोडी बूट (पायात) आणि एक चप्पल.
• नागपुरी उन्हातला नेहमीचा दुपट्टा. तो इथे तोंडाला बांधता येतो, स्लीपर डब्यात पांघरता येतो, वाटेत अमृतसरला उतरलात तर सुवर्ण मंदिरात डोके झाकायला चालतो आणि श्रीनगरच्या दर्ग्यातही कामी येतो.
• नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
• २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते, पण हातातील बॅगेतच.
• तिकिटे आणि हॉटेलच्या पत्त्याची छापील प्रत. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते.

काय घरीच ठेवाल?

बर्फातले जाड कोट आणि गमबूट गुलमर्गला भाड्याने मिळतात. एसी डब्यात चादर-ब्लँकेट रेल्वेच देते. चिवडा, धपाटे गाडीत संपतील एवढेच घ्या.

लेहला जाणार असाल तर...

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन नागपूरच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, जड सामान उचलू नये, असा सल्ला दिला जातो. त्यामुळे इथे हलकी बॅग ही निव्वळ सोय नाही, तब्येतीचा प्रश्न आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली बॅग पाठीवर घेऊन दोन मजले न थांबता चढून पाहा. धाप लागली तर बॅग उघडा आणि 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेल्या वस्तू आधी बाहेर काढा.