वॉलेटच्या कोडला हात लावताना (लेखांक सहावा)

क्रिप्टोचलनाच्या वॉलेटमध्ये नाणी साठवलेली असतात असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात नाण्यांची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक खातेवहीत असते, आणि वॉलेट ती नोंद हलवण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक अतिप्रचंड यादृच्छिक संख्या, तयार करते, जपते आणि तिच्या आधारे व्यवहारावर स्वाक्षरी करते. ही संख्या दुसऱ्याच्या हाती पडली तर दाद मागायला बँक नसते आणि झालेला व्यवहार उलटवताही येत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या काढणाऱ्या घटकातच दोष आढळला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या बिटकॉइन वॉलेटांच्या वापरकर्त्यांना नव्या किल्ल्या काढून रक्कम तिकडे वळवावी लागली.

म्हणूनच मुक्तस्रोत वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता व बदलता येतो अशा वॉलेटमध्ये, बदल सुचवणे सोपे आणि तो स्वीकारला जाणे अवघड असते. योगदान देणारा कोडची स्वतःची प्रत काढतो, तीत बदल करतो आणि तो मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवतो. मग इतर जण तो कोड ओळीओळीने वाचतात, चालवून पाहतात आणि शंका काढतात. बदल जितका लहान, तितका तो नीट तपासला जातो; दहा गोष्टी एकत्र बांधून पाठवलेली विनंती बहुधा पडून राहते, आणि तसेच व्हायला हवे.

या तपासणीची किंमत २०१८ साली कळली. कोपे या मुक्तस्रोत बिटकॉइन वॉलेटमध्ये, आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरप्रमाणे, इतरांनी लिहिलेले असंख्य छोटे कोडसंच वापरलेले होते. त्यांपैकी इव्हेंट-स्ट्रीम या संचाच्या मूळ लेखकाने वेळेअभावी देखभालीचे काम मदतीस आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवले. त्या माणसाने आधी काही उपयुक्त बदल करून विश्वास मिळवला आणि नंतर एक नवा उपसंच जोडला, ज्यात १००हून अधिक बिटकॉइन असलेल्या कोपे-खात्यांच्या किल्ल्या चोरणारा कोड दडवलेला होता. ही घुसखोरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघड केली ती संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने, एका किरकोळ वाटणाऱ्या इशाऱ्याचा माग काढत. नवा कोड लिहिणाऱ्याइतकाच दुसऱ्याचा कोड वाचणाराही योगदानकर्ता असतो, हे यावरून मान्य करावे लागते.

मराठी वाचकाला जवळचा असा एक पेच येथे पाहण्याजोगा आहे. किल्लीची संख्या माणसाला कागदावर उतरवता यावी म्हणून २०१३ साली बीआयपी-३९ हा संकेत मांडला गेला. त्यात २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून बहुधा बारा किंवा चोवीस शब्द निवडले जातात, आणि त्या शब्दांच्या अक्षरचिन्हांवरून गणिती प्रक्रियेच्या २०४८ फेऱ्यांनी मूळ बीज, म्हणजे वॉलेटच्या किल्ल्या ज्यातून निघतात ती संख्या, तयार होते. इंग्रजी, जपानी, कोरियन, झेक अशा याद्या मूळ संकेतासोबत आहेत, मराठीची नाही. ती करावी असा उत्साह स्वाभाविक असला, तरी 'दऱ्या' हा साधा शब्द घेतला की अडचण दिसते. त्यातला अर्धा 'र' 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून टंकता येतो, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी चिन्हे आहेत, आणि लिखाण एकसारखे करून घेणारा बीआयपी-३९मधला नियमही ते अदृश्य चिन्ह काढून टाकत नाही. वॉलेटने हा फरक ओळखला नाही तर एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांतून दोन निरनिराळी बीजे निघतील आणि वापरकर्त्याला आपलेच खाते रिकामे दिसेल. इंग्रजीखेरीजच्या याद्या वापरू नयेत असा सल्ला संकेतासोबत दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे.

मराठीची गरज आहे ती अन्यत्र: सूचना, इशारे आणि दोषसंदेश यांत. 'हे बारा शब्द कोणालाही सांगू नका' ही ओळ जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या बाजारपेठेतल्या माणसाला इंग्रजीत वाचावी लागते, तेव्हा ती वाचली न जाण्याचीच शक्यता अधिक. हे भाषांतर करण्यासाठी एकही नाणे विकत घेण्याची गरज नाही, कारण सरावासाठी टेस्टनेट हे वेगळे जाळे असते, ज्यातील नाण्यांना बाजारमूल्य मानले जात नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार हे कार्यक्षेत्र असलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रथम टेस्टनेटवर वॉलेट चालवावे, दुसऱ्याची एखादी लहान विनंती तपासून आपले निरीक्षण नोंदवावे, आणि मगच मराठी इशाऱ्यांची पहिली पुल रिक्वेस्ट पाठवावी. बारा शब्द मात्र इंग्रजीच ठेवावेत.