मोटार खालीं बसवितांना

हिंगण्याच्या माळावर १९०० सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रमाची झोपडी उभारली, तेव्हां पुण्याहून तेथवर ते पायीं ये-जा करीत. त्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कर्वेनगरांत आज गृहसंस्थांच्या आवारांत मोटारी उभ्या करण्यास जागा पुरत नाहीं. मोटार आली कीं तिच्यासंबंधींच्या हौशीहि आल्या. त्यांपैकीं एक हौस म्हणजे गाडी जमिनीच्या अधिक जवळ आणणें. गॅरेजमध्यें ह्यालाच गाडी ‘लोअर’ करणें म्हणतात. अशी गाडी डौलदार दिसते आणि वळणावर कमी कलंडते, हें खरें. परंतु खर्चाचा अंदाज पुढें आला कीं घरोघर एकच वाद निघतो : केवळ स्प्रिंगा बदलून भागेल, कीं त्यांच्याबरोबर शॉक अब्सॉर्बर आणि स्ट्रटहि बदलावे लागतील?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं ह्या भागांचीं कामें कोणतीं, तें पाहिलें पाहिजे. स्प्रिंग गाडीचा भार तोलते. ती जितकी दाबावी तितक्याच प्रमाणांत उलट जोर करते. हा नियम रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्पष्ट करून सांगितला. पण स्प्रिंगेस एक खोड आहे. खड्ड्यांत बसलेला धक्का ती जिरवीत नाहीं. सांठविते आणि लगेच परत करते. तिच्या एकटीच्या हवालीं गाडी केली, तर एका खड्ड्यानंतर ती कितीतरी वेळ झोपाळ्यासारखी वरखालीं होत राहील. हे हेलकावे शमविण्याचें काम शॉक अब्सॉर्बरचें. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें. आंतला दट्ट्या सरकतांना तें तेल बारीक छिद्रांतून नेटानें जातें आणि धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. म्हणजे धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. शॉक अब्सॉर्बर तिला शांत करतो.

पुढच्या चाकांपाशीं ह्या दोहोंची बहुधा एकच जुडी असते. तिला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखली जाणारी ही रचना १९५० सालीं ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांत आली. भारतांत १९८३ सालीं अवतरलेल्या मारुति ८०० च्या पुढच्या चाकांनाहि तीच होती. स्ट्रट केवळ हेलकावे शमवीत नाहीं, तर चाक योग्य कलानें उभें धरण्यासहि हातभार लावतो. म्हणून तो झिजला कीं स्टिअरिंग आणि टायर या दोहोंवर परिणाम होतो.

आतां गाडी खालीं आणल्यानें काय घडतें, तें पाहा. समजा, धक्का बसल्यावर चाकास वर सरकण्यास मुळांत ८० मिलिमीटर वाव होता. गाडी ४० मिलिमीटर खालीं आणली कीं तो निम्मा उरला. स्प्रिंगेंत सांठणारी शक्ति दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढते. तेव्हां तोच धक्का निम्म्या अंतरांत झेलावयाचा, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक हवी. बाजारांतील आंखूड स्प्रिंगा इतक्या कडक नसतात. असत्या तर गाडींत बसवलें नसतें. मग उरलेला धक्का सोसतो कोण? दांड्यावरचा रबरी बंप-स्टॉप, आणि तो चेपला गेल्यावर खुद्द शॉक अब्सॉर्बर.

दुसरी गोष्ट मेळाची. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला शमविणाराहि जोरकस हवा; गणितानें हें प्रमाण कडकपणाच्या वर्गमुळाइतकें पडतें. स्प्रिंग ३० टक्के अधिक कडक झाली, तर शॉक अब्सॉर्बर सुमारें १४ टक्के अधिक जोरकस पाहिजे. नव्यासारखा मूळ शॉक अब्सॉर्बर एवढी उणीव निभावून नेईल. तेल गळूं लागलेला जुना मात्र नेणार नाहीं. अशा वेळीं चाक रस्त्यास चिकटून राहण्याऐवजीं उसळत राहतें. आणि जें चाक रस्त्यावर टेकत नाहीं, त्याचा ब्रेकहि उपयोगी पडत नाहीं. पावसाळ्यांत हा प्रश्न आरामाचा राहत नाहीं, मागें बसलेल्या मुलांच्या जिवाचा होतो.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. जॅकवर गाडी उचलली किंवा चाक खोल खड्ड्यांत गेलें, कीं तें पूर्ण खालीं लोंबतें. त्या वेळीं लांब दांड्याच्या मूळ शॉक अब्सॉर्बरवर आंखूड स्प्रिंग सैल पडून आपल्या बैठकीवरून सरकूं शकते. कांहीं जण जुन्याच स्प्रिंगेचे वेढे कापून काम स्वस्तांत उरकतात. त्यांत हा धोका सर्वांत मोठा. सहा कामकरी वेढ्यांतील एक कापला कीं स्प्रिंग २० टक्के कडक होते, आणि कापलेलें टोंक बैठकींत नीट बसत नाहीं. हा मार्ग सर्वथा त्याज्य होय.

तेव्हां उत्तर असें : गाडी वीस-पंचवीस मिलिमीटरच खालीं आणावयाची असेल, शॉक अब्सॉर्बर नवेसे असतील आणि स्प्रिंगेच्या कारखानदारानें मूळ शॉक अब्सॉर्बर चालतील असें स्पष्ट म्हटलें असेल, तर ते ठेवण्यास हरकत नाहीं. याहून अधिक उतरावयाचें असल्यास, किंवा जुने शॉक अब्सॉर्बर झिजले असल्यास, स्प्रिंगेशीं जुळणारे आंखूड शॉक अब्सॉर्बर व स्ट्रट एकाच वेळीं, आणि एका आंसावरचे दोन्ही, बदलावेत. ह्यांत काटकसरहि आहे. स्प्रिंग काढण्यास स्ट्रट खोलावा लागतोच. आज वांचविलेला शॉक अब्सॉर्बर सहा महिन्यांनीं बदलावा लागला, तर मजुरी दोनदां पडते. त्याच वेळीं बंप-स्टॉप व वरचें माउंटिंग तपासावें, आणि शेवटीं व्हील अलाइनमेंट अवश्य करावी. नाहीं तर टायर एका कडेनें झिजतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर प्राणघातक ठरते. म्हणून हें काम घरीं करूं नये.

परंतु त्याहि आधीं एक हिशेब करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. छोट्या मोटारीचा तळ सामान्यतः १६० ते १७० मिलिमीटर उंचीवर असतो. त्यांतून ४० वजा केले, पांच माणसें बसल्यानें गाडी आणखी दबली, कीं मध्यें एक-दोन बोटेंच उरतात. आणि गल्लीबोळांतले गतिरोधक कांहीं मानक वाचून घातलेले नसतात!

कायद्याकडेहि दुर्लक्ष नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मालकास मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्यावर कडक भूमिका घेतली. म्हणून परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांना आधीं विचारावें. कर्वेनगराजवळच, वेताळ टेकडीवर, १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचें आवार आहे. नवी गाडी विक्रीस येण्यापूर्वीं तिचा नमुना अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या कसोट्यांस उतरावा लागतो. गॅरेजमध्यें जमविलेल्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते.

दोन इंच ठेंगण्या गाडीचा डौल ज्यास हवाच असेल, त्यानें तिच्या संपूर्ण संचाची किंमत मोजावी. निम्मी किंमत मोजण्याचीच तयारी असेल, तर गाडी आहे त्या उंचीवर राहूं देणें हेंच शहाणपणाचें.