वस्तीत भीती पसरते तेव्हा

रात्री दहाच्या सुमाराला कुणाच्या तरी मोबाईलवर निरोप येतो, "तिकडे गडबड झाली." पाच मिनिटांत गल्लीतली दारे लागतात. आया लेकरांना घरात ओढतात, तरुण नाक्यावर जमतात, आजीच्या छातीत धडधडू लागते. नेमके काय झाले, हे मात्र कुणालाच ठाऊक नसते.

देवपूरच्या वस्त्यांना हे नवे नाही. ६ जानेवारी २०१३ रोजी पांझरेपलीकडे धुळ्यात दंगल झाली, संचारबंदी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हाही घराघरांत काळजी होती. आपल्या भीतीला कारणे आहेत. म्हणून घाबरलेल्या माणसाला भित्रा म्हणू नका आणि "काही होत नाही" असे म्हणून गप्पही करू नका.

शरीरात काय होते?

धोका जाणवला की मेंदू इशारा देतो आणि अॅड्रेनालीन नावाचे द्रव्य रक्तात येते. हृदय जोरात चालते, श्वास उथळ होतो, हातपाय थरथरतात, पोटात कालवते. पळायला किंवा तोंड द्यायला ही तयारी कामाची असते. पण दिवसरात्र तेच व्हिडिओ आणि तीच चर्चा चालली, तर शरीर त्या इशाऱ्यातून बाहेरच येत नाही. झोप उडते, डोके दुखते, चिडचिड वाढते. लेकरू आईचा चेहरा पाहून घाबरते, शेजारीण शेजारणीचा. एका घराची भीती अशी साऱ्या वस्तीची होते. ही बाहेरची बाधा नाही. अंगारेधुपारे आणि भगत यांवर पैसा घालवू नका.

अफवेची किंमत

घाबरलेले मन खरे-खोटे तपासायला थांबत नाही. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झाले ते आठवा. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी तिथे आले. जमावाने त्यांना टोळीतले समजून ठार मारले. लोकांना वाटणारी लेकरांची काळजी खरी होती, बातमी खोटी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण खरी मर्यादा आपल्या बोटावर हवी. केवळ ऐकले म्हणून मानू नका, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण मोबाईललाही लागू आहे. न तपासता खोटे पुढे पाठवले, तर पंचशीलातले चौथे शील आपण कसे पाळले?

घरात काय करावे?

- जीव घाबरा झाला की बसा. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत हळू सोडा. पाच मिनिटे करा. आनापान येत असेल तर तेच करा. डोळे मिटल्यावर जास्त घाबरायला झाले, तर डोळे उघडा, पाणी प्या, घरात चाला.
- बातम्या दिवसातून दोन वेळाच पाहा. झोपताना मोबाईल दूर ठेवा.
- लेकरांपुढे मारहाणीचे व्हिडिओ लावू नका. मूल अंथरूण ओले करू लागले, आईला सोडेना, तर रागावू नका. जवळ घ्या आणि खरे तेवढेच सोप्या शब्दांत सांगा.
- गडबडीत बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका. चार दिवसांच्या गोळ्या घरात असू द्या.
- भीती घालवायला दारू घेऊ नका. तिने झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी घाबरेपणा वाढतो.

विहारात काय करावे?

वंदनेनंतर पंधरा मिनिटे एकत्र बसा. ज्याला बोलायचे त्याला बोलू द्या. वस्तीतली एक ताई आणि एक जाणता तरुण अशी दोन माणसे ठरवा. आलेला निरोप आधी त्यांना दाखवा, त्यांनी पोलीस ठाण्यात विचारून मगच सगळ्यांना सांगावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज कुणीतरी जावे.

धोका खराच असेल तर ११२ वर फोन करा. काय घडले, किती वाजता, कोणी पाहिले, हे लगेच लिहून ठेवा. जातीवरून अत्याचार झाला तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार देताना ही नोंद उपयोगी पडते. हाताला काम मिळाले की मनही सावरते.

डॉक्टरांकडे केव्हा?

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कामाला जाववत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची विचारणा करा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. जीव द्यावासा वाटतो असे कुणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका, लगेच फोन लावा. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, तर भीतीच असेल म्हणून थांबू नका, १०८ ची गाडी बोलवा.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीसाठी आपण एकत्र जातो. वाईट दिवसांतही तसेच एकत्र राहू या. एकमेकांच्या दाराशी जाऊन "जेवलात का, झोप लागली का?" एवढे विचारले, तरी निम्मी भीती ओसरते.

जय भीम, नमो बुद्धाय.