रुग्णनिष्ठा

रुग्णनिष्ठा म्हणजे एकदा उपचार घेतलेल्या रुग्णाची पुढेही त्याच रुग्णालयात परत येण्याची व इतरांना ते सुचवण्याची तयारी होय. आजार बळावल्याने पुन्हा दाखल व्हावे लागणे ही निराळी बाब असून ती बहुधा सेवेतील उणीव समजली जाते. अमेरिकेत ३० दिवसांच्या आत असे पुनर्प्रवेश अपेक्षेपेक्षा जास्त झाल्यास, ऑक्टोबर २०१२ पासून, मेडिकेअर त्या रुग्णालयाचे देयक कापते.

कारणे

शस्त्रक्रिया अचूक झाली का, औषध योग्य होते का, हे बहुतेक रुग्णांना पारखता येत नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतले का, आजार समजेल अशा भाषेत सांगितला का, बाह्यरुग्ण विभागात किती वेळ ताटकळावे लागले, बिलात आधी न सांगितलेला खर्च निघाला का, हे मात्र त्यांना नेमके कळते आणि मत त्यावरच बनते. परशुरामन, झाइथामल व बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘सर्व्हक्वाल’ या मापनपद्धतीत सेवेच्या गुणवत्तेची पाच अंगे आहेत: दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री व आस्था. मूळची सेवाउद्योगांसाठी असलेली ही पद्धत पुढे रुग्णालयांतही वापरली जाऊ लागली.

मर्यादा

परत येणे म्हणजे पसंती असेच नाही. परिसरात एकच रुग्णालय असेल किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयातच जावे लागत असेल, तर निवडीला फारसा वाव उरत नाही. समाधान हा गुणवत्तेचा पुरावाही नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे ५२,००० प्रौढांच्या अभ्यासात सर्वाधिक समाधानी रुग्णांचा औषधखर्च आणि मृत्युदर दोन्ही जास्त आढळले. अर्थात, समाधानामुळे मृत्यू ओढवतो असे त्यावरून सिद्ध होत नाही.

दीर्घ उपचार

क्षयरोगात रुग्णाचे परत येणे हा उपचाराचाच भाग असतो. नेहमीच्या क्षयरोगावरील औषधे सहा महिने घ्यावी लागतात. खोकला व ताप मात्र काही आठवड्यांतच ओसरू लागतात. बरे वाटू लागले की केंद्रावरच्या खेपा नकोशा होतात, कारण प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. औषधे मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा व जंतू औषधांना न जुमानण्याचा धोका असतो. भारतात एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णांना उपचारकाळात दरमहा ५०० रुपये दिले जात; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती पोषणासाठी असल्याने बुडालेली मजुरी तिच्यातून भरून निघत नाही. आजार उघड होण्याची भीतीही पैशाने जात नाही. ओळखीच्या माणसांनी पाहू नये म्हणून काही रुग्ण जवळचे केंद्र सोडून दूरच्या केंद्रात जातात.