फळ्यावरचा सुविचार

मुलांनो, तुमच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला रोज एक सुविचार लिहिलेला असतो ना? आपण तो वहीत उतरवून घेतो आणि घंटा झाली की विसरूनही जातो! पण मन घाबरलेलं असताना हेच वाक्य कसं उपयोगी पडतं, ते आज सांगते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेच्या आधी कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली होती : 'हेही दिवस जातील.' पेपर झाल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, दहा वेळा वाचलं, तरी पोटात गोळा आलाच! मग काय उपयोग?"

प्रश्न अगदी खरा होता. मी तिला आपल्या पुण्याचीच गोष्ट सांगितली.

१९६१ सालचा जुलै महिना. धो धो पाऊस. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं आणि ते खचू लागलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरीही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. वाडे कोसळले, संसार वाहून गेले. मग जवानांची मेहनत फुकट गेली का? मुळीच नाही! त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले. लोंढा मध्यरात्री, सगळे झोपेत असताना आला नाही, दिवसाउजेडी आला. म्हणून कितीतरी लोकांना उंचावर जाता आलं.

सुविचार म्हणजे असंच एक पोतं, बरं का! भीतीचं पाणी ते कायमचं अडवत नाही, थोडा वेळ थोपवतं. तेवढ्या वेळात हातपाय आपणच हलवायचे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण काडी धरली तरी पाय मारावेच लागतात.

पुढच्या पेपरला तिने चिठ्ठी वाचली, तीनदा सावकाश श्वास घेतला आणि सगळ्यात सोपं गणित आधी सोडवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, गोळा आला होता, पण कधी गेला ते कळलंच नाही!"

तुम्हीही आवडेल ते एक वाक्य निवडा. त्याखाली लिहा : 'हे वाचून झाल्यावर मी आधी काय करणार?' आणि भीती फारच वाटली, तर मनात ठेवू नका, घरी सांगा.

पालकांनो, मूल असं सांगायला आलं, तर लगेच सुविचार ऐकवू नका हं. आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या.